काळी, कोमट आणि करपलेली

आमच्याकडे प्रत्येक टाकीची एक वही असते. तारीख, तापमान, गोडी किती उतरली, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: शेरा. त्यात 'ठीक' किंवा 'ठीक नाही' एवढंच लिहायचं. पहिला महिनाभर मी इमानदारीत तसंच लिहिलं. मग एकदा कोणीतरी असं काही बोलून गेलं, की म्हटलं हे घरी जाईपर्यंत विसरेन, म्हणून ते 'ठीक'च्या पुढे टाकून ठेवलं. मग दुसऱ्या दिवशी दुसरं. आता अशी अवस्था आहे की स्टाउटच्या, म्हणजे आमच्या काळ्या बियरच्या, वहीत आकडे कमी आणि लोकांची वाक्यं जास्त! कोणी तपासायला आलं तर नोकरी जायची. म्हणून त्याआधी सांगून टाकते.

मी वैशाली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. आधी चार वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते, आता दोन वर्षं सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका ब्रूपबमध्ये आहे. ब्रूपब म्हणजे जिथं प्यायची तिथंच बनवायची. पुढे टेबलं, मागे काच, काचेमागे स्टीलच्या चार टाक्या आणि टाक्यांमागे मी. मालक मल्लूअण्णा, अक्कलकोटकडचे. साधं बोलतात मराठीत, लाड करतात कन्नडमध्ये आणि चिडतातही कन्नडमध्येच, त्यामुळे आपल्यावर नेमकं काय चाललंय ते चेहरा बघून ओळखावं लागतं.

अण्णा मुलीच्या पदवीदानाला इंग्लंडला गेले होते. बाकीचे लोक येताना चॉकलेट आणतात. अण्णा स्टाउटचा ध्यास घेऊन आले.

"काळी असते बघ, वैशाली. कॉफीसारखी. वर साईसारखा फेस. बाहेर भुरभुर पाऊस. आपल्याकडे पाहिजे म्हणजे पाहिजे."

"पाऊस कुठून आणू, अण्णा?"

"पावसाचं मी बघतो. तू बियर बघ."

* * *

स्टाउट काळी होते ती त्यात घातलेल्या काळ्याकुट्ट भाजलेल्या सातूमुळे. तयार भाजलेला सातू मिळतो, पण दहा किलोसाठी कोणी गाडी पाठवेना. मग मला गुरप्पा काका आठवले. मंगळवार पेठेत त्यांची फुटाण्याची भट्टी आहे. चाळीस वर्षं चणे-शेंगदाणे भाजतायत. एक दाणा जास्त लाल झाला तर पाटी बाजूला काढतात, असा माणूस.

मी सातूचं पोतं घेऊन गेले. काकांनी दाणा हातात घेतला, दाताखाली फोडला, मान डोलावली आणि वाळूत टाकला. दहा मिनिटांत असा सोनेरी भाजून काढला की बघत राहावं!

"घ्या, मॅडम. सोनं."

"काका, अजून भाजा."

त्यांनी बदामी केला. मी म्हटलं, अजून. त्यांनी तपकिरी केला. मी म्हटलं, अजून. आता काकांचा हात थांबला.

"मॅडम, ह्याच्या पुढं जळंल."

"जाळायचाच आहे, काका."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या नातवालाच भट्टीत टाक म्हणाले. "चाळीस वर्षांत ह्या भट्टीत माल जळू दिला न्हाय मी. तुमी जाळा म्हनताय व्हय?"

मी बियर, रंग, इंग्लंड, सगळं समजावलं. शेवटी त्यांनी झारा माझ्या हातात दिला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी भाईर उभारतो. मला बघवायचं न्हाय."

मग मीच जाळला. धूर गल्लीभर झाला. शेजारचे भांडीवाले, समोरचे टेलर, सगळे धावत आले. "काय जळालं? काका, काय जळालं?"

आणि बाहेर उभे असलेले गुरप्पा काका दोन्ही हात वर करून प्रत्येकाला एकच सांगत होते, "मी न्हाय! मॅडमनी जाळलं! माढा तालुक्याच्या हायत त्या!"

* * *

तीन आठवड्यांनी पहिली बॅच तयार झाली. अण्णांनी चाखायला माणसं बोलावली. एक देशपांडे सर, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी दोन वर्षं लीड्सला होते आणि मनाने अजून तिथंच आहेत. दुसरे बाबूराव, मंगळवेढ्याचे धान्याचे व्यापारी. हॉटेलच्या भाकरीसाठी ज्वारी तेच पाठवतात. त्या दिवशी ते खरं तर पोती उतरवायला आले होते, पण अण्णांनी त्यांनाही बसवलं.

मी फॉर्म छापून आणले होते. रंग, वास, चव, तोंडात राहणारी चव. सर फॉर्मवर लिहीत गेले. मग फॉर्म उलटा करून मागे लिहीत गेले. बाबूरावांनी पेन कानाला लावलं आणि ग्लास रिकामा केला.

अण्णांनी सरांचा फॉर्म मोठ्याने वाचला. "प्रथम कोकोची चाहूल. मग कडक कॉफी. मध्ये सुक्या अंजिराचा ओझरता स्पर्श. शेवटी ओल्या लाकडाची आठवण."

बाबूराव आपल्या रिकाम्या ग्लासात डोकावून बघायला लागले, तळाशी काही राहिलंय का म्हणून. मग म्हणाले, "सर, तुमचा ग्लास दुसरा होता का?"

"नाही हो, एकाच टाकीतली."

"मग ह्यातलं कायबी न्हाय हिच्यात. भाकर करपली हाय."

तीन आठवडे त्या टाकीजवळ बसले होते मी. बाबूरावांनी ग्लास पुढे केला.

"पर लई चांगली करपली हाय. घाल की अजून."

अण्णांनी मेनूकार्डावर झोकदार इंग्रजी नाव छापलं. ते नाव आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने घेतलेलं नाही. पहिल्या आठवड्यापासून ऑर्डर एकच, "दोन साध्या आणि एक करपलेली!"

* * *

हे आज हसत सांगतेय, पण सुरुवातीला ही करपलेली खपत नव्हती. लोक एक मागवायचे, फोटो काढायचे आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायचे. अण्णांनी मला समोर बसवून सांगितलं, "तीन बॅच बघू. तिसरीही अशीच पडून राहिली तर ती टाकी साध्या बियरला." बोलणं मराठीत होतं, म्हणजे रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

अडचण चवीची नव्हती, अडचण तापमानाची. इंग्लिश स्टाउट बर्फासारखी गार देत नाहीत. बारा अंशांवर द्यायची, तरच वास उमलतो. आता मे महिन्यातलं सोलापूर. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माणूस घामाने निथळत आत येतो, थंडगार काहीतरी घशात ओतायचं म्हणून, आणि आम्ही त्याच्यासमोर काळं, कोमट काहीतरी ठेवतो!

आमचा वेटर श्रीनू. शहराच्या पूर्वभागातला, विणकरांच्या वस्तीतला, घरात चादरीचे माग होते, आता वडील आणि मोठा भाऊ कारखान्यात जातात. चार भाषा बोलतो आणि चारही भाषांत खोटं बोलू शकतो. त्याला मी पढवून ठेवलं होतं, कोणी तक्रार केली तर शांतपणे सांगायचं, इंग्लंडमध्ये अशीच देतात.

एका दुपारी एक जाडजूड गृहस्थ आले. पहिला घोट घेतला आणि ओरडले, "अबे, ही तर गरम आहे!"

श्रीनू नम्रपणे म्हणाला, "सर, इंग्लंडमध्ये अशीच देतात."

"अस्सं? इंग्लंडमध्ये बाहेर किती असतं?"

श्रीनूने काचेमागे माझ्याकडे बघितलं. मी बोटांनी दाखवलं. "सात-आठ अंश, सर."

"आणि ही किती आहे?"

"बारा."

"म्हणजे बाहेरच्यापेक्षा चार जास्त." गृहस्थांनी रुमालाने मान पुसली. "आज सोलापुरात चव्वेचाळीस आहे. मग मला काय आता अठ्ठेचाळीसची देणार काय बे?"

श्रीनू आत आला आणि मला म्हणाला, "मॅडम, हिशोब बरोबर आहे त्यांचा."

दुसऱ्या दिवसापासून मी ती आठ अंशांवर आणली. इंग्लंडला कळवलं नाही.

* * *

नातेपुत्याहून दोन पैलवान गडी आले होते, चुलतभाऊ असावेत. एकाने ग्लास उचलून दिव्यासमोर धरला. काही दिसेना. मग मोबाईलचा टॉर्च लावून मागून बघितलं. तरी काही दिसेना.

दुसरा म्हणाला, "लेका, आरपार कायच दिसंना. भेसळ हाय का काय?"

पहिल्याने थोडा विचार केला. "उलट बे! पानी घातलं असतं तर दिसलं असतं की!"

सहा ग्लास घेतले त्यांनी. जाताना मला काचेमागून नमस्कार करून गेले. मालात पाणी न घालणारी बाई म्हणून.

* * *

दुसरी बॅचही अर्धी पडून होती, तेव्हा अण्णांच्या डोक्यात आलं की चूक बियरची नाही, सोबतच्या खाण्याची आहे. तिकडे स्टाउटबरोबर पाय खातात. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत मटणाचं सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. अण्णा त्या दिवशी बंगळूरला होते, म्हणून त्यांनी फोनवरूनच आमचे आचारी रफिकभाई यांना हुकूम सोडला.

फोन माझ्यासमोरच झाला. रफिकभाईंनी स्पीकरवर लावला होता, कारण हात मसाल्याचे होते.

"रफिकभाई, शनिवारपासून स्टाउटबरोबर पाय ठेवायचे. मटणाचे. इंग्लंडसारखे."

रफिकभाईंना आनंदच झाला. "अरे अण्णा, कब से बोलरा मैं! आप फिकर नक्को करो. ऐसे बनाता देखो, उंगल्या चाटते रहना लोगां!"

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी टाकीत डोकं घालून होते.

शनिवारी देशपांडे सर चार मित्रांना घेऊन आले. मेनूवर नवीन ओळ वाचून त्यांचे डोळे भरूनच आले. "स्टाउट अँड पाय! मित्रांनो, अस्सल इंग्रजी जोडी. लीड्सला आम्ही दर रविवारी खायचो. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ."

श्रीनूने झाकण घातलेलं मोठं भांडं आणून मध्ये ठेवलं. सरांनी स्वतः झाकण उचललं. आत वाफाळता लालभडक रस्सा आणि त्यात बकऱ्याचे आठ पाय!

सर झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. एक मित्र म्हणाला, "सर, दर रविवारी?"

मी स्वयंपाकघरात पळाले. रफिकभाईंना सांगितलं, तो पाय वेगळा. ते गोंधळून गेले. "पाय तो पाय, मॅडम. बकरे को चारइच होते. अंग्रेजां का अलग रहता क्या?"

आता पुढचं ऐका. बाहेर येऊन बघते तर पाचही जण बाह्या सरसावून बसलेले. सरांच्या मिशीला रस्सा. तिखट लागलं की वर स्टाउटचा घोट, घोट घेतला की परत रस्सा. ती जळकट, किंचित गोड चव त्या तिखटावर अशी बसली होती, की मी स्वतः पारीतलं मटण कधी करायला सांगितलंच नाही. त्या शनिवारी टाकी संपली. तिसरी बॅच दुप्पट घालायला लागली.

अण्णा बंगळूरहून आले, भांड्यात डोकावले, दोन मिनिटं कन्नडमध्ये बोलले. मी चेहरा बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच एक ग्लास भरून घेतला आणि रफिकभाईंना म्हणाले, "एन माडोदु! काय करायचं आता? वाढा मलाही."

देशपांडे सरांनी जाताना अभिप्राय लिहिला, 'लीड्समध्ये ही चूक आधी व्हायला हवी होती.'

* * *

बियर करताना सातूतली गोडी पाण्यात उतरवून घेतली की मागे चोथा उरतो. तो आम्ही सिद्रामला देतो. होटगीकडे त्याच्या अकरा म्हशी आहेत. म्हशी तो चोथा अशा आवडीने खातात, की सिद्रामची मोटारसायकल लांबून ऐकली तरी दावं ताणतात.

एका सकाळी सिद्राम रडकुंडीला येऊन उभा राहिला. "मॅडम, आमचा धंदा बसतोय आता. गावात बोंब झालीय, सिद्रामच्या म्हशी दारू पितात म्हून. मास्तरीणबाईंनी दूध बंद केलं. तुमचा माल नको मला."

मी त्याला आत नेलं, सगळं दाखवलं. चोथा आधी निघतो, दारू नंतर तयार होते, तीही दुसऱ्या टाकीत. चोथ्यात दारूचा थेंबही नसतो. त्याच्यासमोर तपासून दाखवलं. त्याने कान पकडले, माझे उपकार मानले, म्हणाला, "आजच जाऊन समद्यास्नी सांगतो."

पंधरा दिवसांनी परत आला. या वेळी कपाळाला गंध, हातात खरवसाचा डबा. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, ते तुमी मला सांगितलं न्हवं का, चोथ्यात काय नसतंय म्हून?"

"हो."

"ते आजून कुनाला सांगितलंय का तुमी?"

"नाही, बाबा. कोणी विचारलंच नाही. तू सांगणार होतास ना?"

"सांगनार हुतो." त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला. "पर तेवढ्यात दुधाला गिऱ्हाईक वाढलं. सकाळचा चहा घेतला की लोकास्नी बरं वाटतंय म्हनं. मास्तरबी आता गुपचूप येऊन न्हेतात. तवा मॅडम, एवढी किरपा करा. कुनाला सांगू नगा!"

* * *

हा किस्सा माझ्या अपमानाचा आहे, पण सांगते.

पायांची कीर्ती झाल्यावर देशपांडे सरांनी खास लीड्सच्या एका जुन्या सहकाऱ्याला आणायचं ठरवलं. खरा इंग्रज नव्हे, तिकडे तीस वर्षं राहिलेले आपलेच एक सातारकडचे गृहस्थ. चार दिवस आधी सांगून ठेवलं होतं. आणि नेमकी त्याच दुपारी स्टाउट संपली! नवी बॅच टाकीत, अजून आठवडा बाकी. मी बँकेत गेले होते. पाहुणे दारात आणि हॉटेलात एकटा श्रीनू.

पुढचं मला नंतर कळलं. श्रीनूने साध्या बियरचे दोन ग्लास भरले. रफिकभाईंच्या चहाच्या ओट्यावर झटपट कॉफीची बरणी असते, त्यातले दोन चमचे गरम पाण्यात ढवळले, त्यात गुळाचा खडा विरघळवला आणि ते दोन्ही ग्लासांत ओतलं. वर काट्याने घुसळून फेस आणला. सगळं मिळून तीन मिनिटं.

मी परत आले तर पाहुणे डोळे मिटून घोट घेत होते आणि सर मला हाक मारत होते, "वैशालीताई, या इकडे! आधीच्या बॅच ठीक होत्या, मी उगाच नाउमेद केलं नाही तुम्हाला. पण आज! आज जमली बघा."

पाहुणे म्हणाले, "ही मी तिकडे ज्या गावात राहतो, तिथली चव आहे. हुबेहूब."

मी ग्लास उचलून वास घेतला. मग श्रीनूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. सरांसमोर काही बोलता येईना. मी दात ओठ खात हसले, आभार मानले आणि काचेमागे गेले. टाकीला टेकून उभी राहिले. एम.एस्सी., चार वर्षांची लॅब, भट्टीचा धूर, तीन-तीन आठवडे एकेका बॅचजवळचा पहारा, आणि जमली कुठली तर कॉफी आणि गूळ! हसावं की रडावं ते कळेना.

पाठोपाठ श्रीनू आला. मला वाटलं, माफी मागेल.

म्हणाला, "मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. रेसिपी लिहून देऊ का?"

* * *

आता आईचं सांगते.

माढा तालुक्यात आमचं गाव. वडील शेती करतात, आई शेती करून वर घर करते. साखर कारखाना सोडला तेव्हा घरी काय सांगावं हे मला सुचेना. लेक दारू करते असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी सांगितलं, माल्टच्या कंपनीत केमिस्ट आहे. खोटं नव्हतंच ते, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, त्याशिवाय आम्ही दुसरं काय हाताळतो! आईने गावभर सांगितलं की वैशाली दुधात घालायची ती पावडर बनवते. दर सुट्टीला शेजारणी नातवंडांसाठी डबा मागायच्या. मी दुकानातून विकत घेऊन, लेबल काढून न्यायची. दोन वर्षं असं चाललं.

आणि एक दिवस सकाळी साडेदहाला आई ब्रूपबच्या दारात उभी! डोळे तपासायला सोलापूरला आली होती, मी लिहून दिलेला पत्ता रिक्षावाल्याला दाखवून म्हणाली, वैशालीच्या कंपनीत सोड. हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणी.

हॉटेल बारा वाजता उघडतं, हेच नशीब. श्रीनूने तिला आधी बघितलं, आणि त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, एका क्षणात फळीवरचे सगळे ग्लास पडद्याआड केले. रफिकभाईंनी मेनूचा फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. अण्णा डोक्याला हात लावून उभे होते, कारण शनिवारचं मोठं बुकिंग होतं, नवीन स्टाउट आजच काढायची म्हणून ते सकाळपासून माझ्या मागे लागले होते आणि मी म्हणत होते, आकडे बरोबर दिसतायत पण मन भरत नाही. ते भांडण अर्धवट टाकून अण्णांनी आईला वाकून नमस्कार केला.

"या, आई. ही आपली... कंपनी."

त्या दिवशी एका भांड्यात सातू नुकता भिजवला होता. त्याचं पाणी नुसतं गोड असतं, दारू होण्याच्या आधीचं. मी पेलाभर काढून आईला दिलं. "बघ, हेच ते माल्ट."

आई प्यायली. "ग्वाड हाय. चांगलं हाय." माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली, "हितं समदं दाखीव की."

नाही कसं म्हणणार? ती पुढे, मी मागे, माझ्या मागे अण्णा, त्यांच्या मागे श्रीनू. प्रत्येक टाकीला आई हात लावून बघत होती. स्टाउटच्या टाकीपाशी थांबली. त्या टाकीची नळी खाली पाण्याच्या बादलीत सोडलेली असते, आत आंबत असलं की पाण्यात बुडबुडे येतात. त्या दिवशी फार नव्हते. मिनिटाला एखादा. आई बादलीशी उकिडवी बसली. पदर कानामागे घेतला आणि ऐकत राहिली. एक बुडबुडा. बराच वेळ. मग दुसरा. मग टाकीला कान लावला, नळीचं तोंड पाण्यातून वर काढून वास घेतला आणि परत होतं तसं बुडवून ठेवलं.

"आज काढू नगा," आई म्हणाली. "दम न्हाय धरला हिनं अजून. दोन दिस ऱ्हाऊ द्या."

श्रीनूचं तोंड उघडंच राहिलं. मी मनाची समजूत घातली, इडलीचं पीठ, दही, आंबील, बायकांना असतोच अंदाज. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि शांतपणे मराठीत म्हणाले, "आईंनी सांगितलंय. राहू द्या."

जेवण करून, चटणीचा डबा रफिकभाईंच्या हातात देऊन आई दुपारच्या एसटीने गेली. स्टँडवर तिने पावडरीविषयी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही.

शनिवारचं बुकिंग अण्णांनी साध्या बियरवर निभावलं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बुडबुडे परत वाढले, तिसऱ्या दिवशी थांबले. काढली तेव्हा अशी उतरली की तशी आधी कधी झाली नव्हती. ना कडू, ना गुळचट. बाबूरावांनी दोन ग्लास घेतले आणि पहिल्यांदाच करपलं असं म्हणाले नाहीत.

मला राहवेना. दुपारी घरी फोन लावला. आधी डोळ्यांचं विचारलं, वडिलांचं विचारलं, पेरणीचं विचारलं. मग म्हटलं, "आई, तू म्हणालीस तसंच झालं बघ. दोन दिवसच लागले. पण तुला कसं कळलं?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला आणि आई हळू आवाजात म्हणाली,

"मडक्यात असती तर तवाच झाली असती, वैशे. स्टीलला येळ लागतो."